भिंतीला रंग नव्हता तेव्हा

मराठी भाषेत रंगांची नावे किती विपुल आणि किती सुरेख आहेत, हे एखाद्या जुन्या घरात लुगड्यांची पेटी उघडली जात असताना वडीलधाऱ्या बाईच्या शेजारी जो घटकाभर बसला असेल त्याला वेगळे सांगावयास नको. अंजिरी, डाळिंबी, मोतिया, अबोली, गुलबक्षी, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी अशी एकेक घडी उलगडत ती बाई नावे घेत जाते, आणि फळाफुलांनी, रत्नांनी व पाखरांनी भरलेला एक अवघा प्रदेश आपल्यापुढे उभा राहतो. परंतु तीच बाई ज्या भिंतीला पाठ टेकून बसलेली असते, त्या भिंतीचा रंग कोणता, असे तिला विचारले तर ती चुना म्हणेल, गेरू म्हणेल, फार झाले तर नीळ घातलेला चुना म्हणेल. वस्त्राला रंग होता. भिंतीला होते ते केवळ द्रव्य. ‘रंगारी’ हा शब्दही मुळात कापड रंगविणाऱ्याचाच. पुण्यात १८९२ साली सार्वजनिक गणपती बसविणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या भाऊसाहेब रंगारी यांच्या घराण्यास ते नाव पडले तेही कापड रंगविण्याच्या व्यवसायावरूनच. परांची बांधून भिंती रंगविणाऱ्या माणसाने तो शब्द पुष्कळ उशिरा उचलला.

घराच्या आतल्या भिंतींसाठी रंग ‘निवडणे’ ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती केवळ दोनतीन पिढ्यांची आहे हे ध्यानात येत नाही. मला ते ध्यानात आले एका खपलीमुळे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराच्या माजघराची भिंत ओलीने फुगली, तेव्हा ती खरवडून काढताना तळहाताएवढा एक पोपडा अखंड सुटून आला. त्याची कड उजेडात धरली. सर्वांत वर प्लास्टिक पेंटचा चामड्यासारखा चिवट पापुद्रा होता. त्याखाली डिस्टेंपरचा पिस्ता रंग, त्याखाली फिकट आकाशी, आणि त्याच्याखाली पोथीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले पांढरे थर, जे मोजता मोजता मी मध्येच थांबलो. पोपड्याचा खालचा भाग कमरेच्या उंचीवरचा असल्यामुळे त्या पांढऱ्या थरांच्या मधूनमधून गेरूची तांबडी रेघ गेलेली होती. वरचे तीन थर माझ्या वडिलांच्या आणि माझ्या हयातीतले. खालचे सगळे त्या तीन थरांच्या आधीचे, आणि त्या सगळ्या काळात या भिंतीला कोणता रंग द्यावा असा प्रश्न त्या घरात कोणालाही पडलेला नव्हता.

कारण प्रश्नाचे उत्तर जमिनीनेच देऊन ठेवलेले होते. आपल्या गावगाड्याच्या भाषेत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वसतीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या घरांची माती मिसळून गावठाणाची जमीन पांढुरकी झालेली असे, आणि त्याच मातीने देशावरची घरे उभी राहत, तिनेच ती आतून पोतारली जात. घराचा रंग म्हणजे गावाच्या मातीचा रंग. कोकणात जांभा होता, म्हणून तांबडी काव होती. देशावर ओढ्यानाल्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडत, ते भट्टीत भाजून चुना होई. समुद्रकाठी शिंपल्यांचे ढीग भाजून चुना करीत. या दोन चुन्यांतही भेद आहे, आणि तो जुन्या गवंड्यांना पुरता ठाऊक होता. चुनखडीचा चुना काहीसा करडा पडतो, पण दगडाला दगड घट्ट धरतो. शिंपल्यांचा चुना अधिक शुद्ध, अधिक शुभ्र, म्हणून तो गिलाव्यावरून देण्यास उत्तम. वाडा बांधताना चुना घाणीत दळीत. गोलाकार दगडी चरातून बैल जड चाक फिरवीत राहत. त्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ, ताग असे काही ना काही पडे. अशा घाणीचे दगडी चर आणि चाके आपल्या अनेक किल्ल्यांवर आजही दिसतात. मुंबईच्या चुनाभट्टीने तर त्या धंद्याचे नावच धारण केले आहे, भट्ट्या गेल्या तरी.

चुना लावण्याची क्रिया मी लहानपणी पुष्कळदा पाहिली आहे, आणि तिच्यातील विलक्षण गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती. दसऱ्याच्या आधी, पावसाने भिजलेल्या भिंती जरा सुकल्या की, परसात एका जुन्या पिंपात कळीचा चुना विरवीत. पाणी पडताच ते पांढरे गोटे क्षणभर स्तब्ध राहत, मग तडकत, आणि पाहता पाहता सारे पिंप रटरटू लागे. आम्हां मुलांना चार हात दूर उभे केले जाई. दोनतीन दिवसांनी ती निवलेली साय फडक्यातून गाळून घेत, तिच्यात थोडे मीठ आणि सरस किंवा डिंकाचे पाणी घालीत, आणि केवड्याची मुळे ठेचून केलेल्या कुंचल्याने भिंतीवर पहिला हात देत. पहिला हात दिल्यावर भिंत अगदी केविलवाणी दिसे; मळकट, करडी, पांढरेपणाचा मागमूस नसलेली. नवख्या माणसाला वाटावे की चुना वाया गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माजघराचे दार उघडले की आत उजेड उभा असे.

या चमत्काराची उपपत्ती रसायनशास्त्रात आहे. चुनखडी किंवा शिंपला सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजला म्हणजे त्यातील कर्बवायू निघून जातो. १०० भार चुनखडीतून ५६ भार कळी उरते. पाण्याने ती विरते. आणि भिंतीवर दिलेला तो विरलेला चुना हवेतून तोच गमावलेला कर्बवायू हळूहळू परत घेत पुन्हा दगड होतो. म्हणजे चुन्याचा हात हा भिंतीवर बसलेला निराळा पापुद्रा नव्हे. तो भिंतीवर नव्याने उगवलेला पाषाणाचा अत्यंत पातळ थर आहे. म्हणूनच तो भिंतीतील ओल अडवून धरीत नाही, तिला श्वासासारखी बाहेर जाऊ देतो. पावसाळ्याचे चार महिने भिजणाऱ्या मुलखात ही केवढी मोलाची गोष्ट आहे, हे पूर्वजांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय जाणले होते.

पण हाच चुना मोठा कडक परीक्षकही होता. तो क्षारधर्मी असल्यामुळे वनस्पतींपासून निघालेले बहुतेक नाजूक रंग त्याच्या सहवासात टिकत नाहीत. हळदीचे पाणी चुन्यात घातले की क्षणात लाल होते, हे तर कुंकू करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत होते. डाळिंबाच्या सालीने किंवा पळसाच्या फुलांनी लुगडे रंगविता येई, भिंत नाही. चुन्याच्या परीक्षेस उतरत ती मातीचीच द्रव्ये: तांबडा गेरू, कोकणातली काव, पिवळी पिवडी. हरताळ आणि हिंगूळ ही पोथ्यांची, चित्रांची आणि वैद्यांची द्रव्ये. मोलाची, आणि विषारीही. पोथीतील चुकलेले अक्षर हरताळ फासून झाकीत, त्यावरून आलेला वाक्प्रचार आपण आजही वापरतो. शेंदूर देवाचा. भिंतींच्या वाट्याला आलेला हा तुटपुंजा वर्णपट दारिद्र्यातून आलेला नव्हता, तर चुन्याशी ज्याचे जमेल तेच राहील या निसर्गनियमातून आलेला होता. आणि ज्या घरात बाईच्या अंगावर अंजिरी पैठणी असे त्या घराच्या भिंतीही पांढऱ्या आणि तांबड्याच असत.

त्या तांबड्याला जागाही ठरलेली होती. भिंतीच्या खालच्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोड्या वरपर्यंत, गेरूचा पट्टा देण्याचा रिवाज होता, तो शोभेसाठी नव्हे. माणसे जमिनीवर बसत आणि भिंतीला टेकत. डोक्याला तेल असे. शेणाने भुई सारवताना शिंतोडे उडत. लहान मुले ओल्या हातांनी भिंत धरून चालायला शिकत. या साऱ्या खुणा पोटात घेणारा रंग खाली हवा आणि उजेड परतविणारा वर हवा. चौसोपी वाड्याच्या माजघरात सूर्य कधीच थेट येत नसे. चौकातून आलेला उजेड ओसरीच्या भिंतीवर आणि तिथून माजघराच्या भिंतीवर असा हातोहात पोचे. ती भिंत पांढरी नसती तर दिवसाढवळ्या समई लावावी लागली असती. पुढे चाळी झाल्या, कचेऱ्या झाल्या, शाळा झाल्या. गेरूच्या जागी गर्द तैलरंगाचा पट्टा आला, पण त्याची उंची बदलली नाही. खुर्च्यांवर बसणाऱ्या कारकुनांच्या कचेरीतही तो पट्टा जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या पाठीच्या मापानेच ओढला गेला.

कोकण आणि गोव्यात या दोनच द्रव्यांनी एक संपूर्ण कला घडविली. चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर देत, आणि तो ओला आहे तोवर लोखंडी सुईने तांबडा खरवडून खालचा पांढरा उघडा करीत. वेली, देवता, भौमितिक आकृती त्या खरवडण्यातून उमटत, आणि मग गुळगुळीत दगडाने पृष्ठ घोटीत. हीच कावी कला. डॉ. कृष्णानंद कामत यांनी कारवार, गोवा या पट्ट्यातील देवळे पालथी घालून तिची नोंद केली नसती तर जीर्णोद्धाराच्या उत्साहात ती किती नाहीशी झाली याचाही पत्ता आपल्याला लागला नसता. तिच्या तांबड्याला हुरमुंजी म्हणत, आणि हे नाव इराणच्या आखातातील हुर्मुझ बेटाचे आहे, जिथली तांबडी माती गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत असे. पायाखाली तांबडी माती असताना दूरदेशीची तांबडी माती नावाने का होईना घरात आली, यात मला त्या किनाऱ्याचा सारा दर्यावर्दी स्वभाव दिसतो. डहाणू, जव्हारकडे वारली स्त्रिया गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत, तो याच दोन रंगांच्या जगातला. सातारा जिल्ह्यात वाई आणि मेणवली येथील वाड्यांत मात्र चित्रे आहेत, ती कसबी चिताऱ्यांच्या हातची आणि सरदारांच्या ऐपतीची.

गोव्याच्या शहरांत वेगळा शिरस्ता पडला. पांढरा रंग चर्चचा, आणि घरांनी रंग धारण करावा, तो दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा, असा पोर्तुगीज अमदानीतला दंडक जुनी माणसे सांगतात. पणजीच्या फोंतेन्हास भागात पिवडीच्या, निळीच्या, तांबड्या भिंती आणि त्यांवर खिडक्यांभोवतीचे पांढरे पट्टे आजही पाहावयास मिळतात. हीही चुन्यातलीच द्रव्ये. फक्त त्यांनी घराबाहेर येऊन रस्त्याशी बोलायला सुरुवात केली.

आता एका कटू प्रकरणाकडे वळले पाहिजे, कारण भिंतीच्या इतिहासात ते टाळता येत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगश या गोमंतकीय वैद्याने प्लेगची साथ ओळखली, आणि पुढील वर्षी ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा होऊन सरकारास घरात शिरण्याचा अधिकार मिळाला. मुंबईत निवासास अयोग्य ठरविलेल्या इमारतींवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे उमटली. पुण्यात झडती घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पुढे आणि घर धुवून त्याला चुना फासणाऱ्या तुकड्या मागे, असा क्रम लागला. जो चुना दसऱ्याच्या आधी घरच्या बायका हौसेने विरवीत, तोच आता सरकारी हुकमाने, परक्या हातांनी, सामान रस्त्यावर काढून, देवघरासकट भिंतींना फासला गेला. लोकांचा संताप झडतीवर होता, आणि तो २२ जून १८९७ रोजी पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्यावरील गोळीबारापर्यंत गेला. परंतु त्या संतापात आपल्या भिंतीवर दुसऱ्याने हात टाकल्याचे दुःखही मिसळलेले असले पाहिजे, असे मला निश्चित वाटते. चुना जंतूंना मारतो हे खरे. प्लेग मात्र उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दाखवून दिले. भिंतींचा त्यात काहीच दोष नव्हता.

त्याच सुमारास घराघरांत निळीची पुडी शिरत होती. ‘नीळ’ हा आपला शब्द मूळ झाडाच्या रंगाचा. पण कपड्यांना देण्याची ही नीळ निराळी, कारखान्यात घडविलेली. लाजवर्द या मोलाच्या दगडाचा निळा रंग कृत्रिम रीतीने करण्यात १८२८ च्या आसपास फ्रान्सच्या गिमे यास यश आले, आणि जे द्रव्य राजांच्या चित्रशाळेत तोळ्याने मोजीत ते काही दशकांत धुण्याच्या बादलीत आले. हे द्रव्य चुन्यात टिकते. चिमूटभर घातले तर चुन्याचा पिवळटपणा जाऊन तो अधिक पांढरा भासतो. मूठभर घातले तर भिंत आकाशी होते. ही मूठ आणि चिमूट यांच्यामधली जागा म्हणजे मराठी घरातील रंगनिवडीचा खरा आरंभ, असे मी मानतो. किती घालायची हे घरातली बाई ठरवी. तिच्यापुढे नमुन्याचा कागद नव्हता, होती ती बादली आणि तिचा डोळा. मोरचूद घालून हिरवट झाक आणणारेही होते. आणि विदर्भ-मराठवाड्यातील वस्त्यांत निळ्या रंगाने पुढे याहून फार मोठा अर्थ धारण केला. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजाचा तो रंग, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक घरांच्या भिंतींवर स्वाभिमानाने चढला. माझ्या मते महाराष्ट्रात रंग खऱ्या अर्थाने ‘निवडला’ गेला तो त्या घरांत. द्रव्य हाताशी होते म्हणून नव्हे, तर मन ठरले होते म्हणून.

कारखानदारीचा पुढील वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. हावडा येथे १९०२ मध्ये शालिमार, मुंबईच्या लोअर परळमध्ये १९२० साली गॅहॅगन, जिचे पुढे नेरोलॅक झाले, आणि १९४२ साली, महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात बंद पडली असता, चार मित्रांनी मुंबईतच सुरू केलेली एशियन पेंट्स. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला आणि डब्यातून ओघळणारा रंग घेतलेला गट्टू हा मुलगा चितारला, आणि तो दुकानादुकानांच्या पाट्यांवर जाऊन बसला. डिस्टेंपर आले, त्याबरोबर पिस्ता, मोतिया, बदामी, गुलाबी ही नावे आली. म्हणजे लुगड्यांच्या पेटीतील शब्द प्रथमच भिंतीवर चढले. नंतर प्लास्टिक पेंट आले, रंग मिसळणारी यंत्रे आली, आणि नावांची जागा क्रमांकांनी घेतली. आज हजाराहून अधिक छटांचे शेड कार्ड आपल्या मांडीवर असते. एक गोष्ट या काळात निर्विवाद भल्याची झाली: १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम देशभर लागू झाला. ज्याला आपण सफेदा म्हणत होतो ते शिशाचेच द्रव्य होते, आणि पोपडे तोंडात घालणाऱ्या तान्ह्या मुलांना त्याचा अपाय होत होता.

विपुलतेविषयी माझी तक्रार नाही. ज्या पिढीला निवडीची मुभा मिळाली तिने मोकळेपणाने निवडावे. पण हातात धरलेल्या कागदाच्या चौकोनावरून निवड करताना आपण एक गोष्ट विसरतो, जी चुन्याने कधी विसरू दिली नव्हती: रंग भिंतीचा असतो, आणि भिंत त्या जागेची असते. परसात आंबा-फणसाची दाट झाडी असेल तर खिडकीतून येणारा उजेडच हिरवा असतो, आणि त्यात दुकानातला मोतिया आजारी दिसतो. देशावरच्या रखरखीत उन्हात तोच मोतिया सोन्यासारखा खुलतो. यासाठी हातभर तुकडा प्रत्यक्ष भिंतीवर रंगवून तो सकाळी, भर दुपारी आणि दिव्याच्या उजेडात असा तीनदा पाहावा, हे कोणताही जाणता रंगारी सांगेल.

आणि ज्यांच्या घराच्या भिंती अजून माती-चुन्याच्या आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांवर प्लास्टिक पेंट चढवू नये. त्या भिंतींतील ओल बाहेर पडण्यास वाट शोधते, तो पापुद्रा ती वाट बंद करतो, आणि दोनचार पावसाळ्यांत गिलाव्यासकट पोपडे सुटू लागतात. आमच्या माजघराचे नेमके हेच झाले. आम्ही सारे खरवडून काढले आणि पावसाळा सरल्यावर महिनाभर भिंत सुकू दिली. मग चुन्याचे तीन हात दिले, आधीचा सुकल्याखेरीज पुढचा न देता. पहिला हात दिल्यावर भिंत करडी दिसते. ती तशीच दिसावयाची असते, सकाळपर्यंत थांबावे.